पाष्टेनानांचं कंपनीला गाऱ्हाणं

आमच्या गल्लीतली वीज गेली, की बाकीचे लोक वीज कार्यालयाला फोन लावतात. पाष्टेनाना चपला काढतात, कोपऱ्यावरच्या डीपीसमोर हात जोडून उभे राहतात आणि खड्या आवाजात सुरू करतात, "हे डीपीच्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरं तुझ्यासमोर हात जोडून उभी हायत. कोणा वायरमननं वाकडा हात लावला असंल, कोणा मेल्यानं आकडा टाकला असंल, ती चूकभूल पदरात घे, आणि वीज होती तशी सुरळीत कर, म्हाराजा!"

मग ते थांबतात. मागून कोणीतरी "होय महाराजा" म्हटल्याशिवाय ते पुढे जात नाहीत.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली भाजीची पिशवी खाली पडली. टोमॅटो पार गटारापर्यंत गेले. दुसरा धक्का चार मिनिटांनी बसला, तो म्हणजे वीज आली. ती फोन केल्यामुळे आली असं मी आजही मानते, पण नानांना ते पटवायचं आता सोडून दिलं आहे.

ईशान, तन्वी, तुम्ही नातवंडं तिकडे परदेशात जन्मलात, म्हणून आधी गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगते. आमच्या खेड्यांतून कोणाचं काही अडलं, कोणी परगावी निघालं, कोणाला मूल हवं असलं, की त्याने देवळात नारळ घेऊन जायचं. पण बोलायचं मात्र त्याने नाही. गावातला ठरलेला माणूस त्याच्या वतीने देवाला सगळं सांगतो. नाव, घराणं, अडचण, झालेल्या चुका आणि मागणं, सगळं मोठ्याने, देव जरासा कमी ऐकतो असं समजून. भोवतीचे लोक दर वाक्याला होकार भरतात. संगमेश्वराकडच्या ज्या गावातून पाष्टेनाना आले, तिथे हे काम त्यांच्या वडिलांकडे होतं. मुंबईला नोकरी शोधायला निघालेला एकही माणूस त्या गावातून गाऱ्हाण्याशिवाय एस.टी.त चढला नाही, असं नाना सांगतात.

"आणि येकालाबी परत यावं लागलं नाय, वयनी. कागद नव्हता, काय नव्हता. माझ्या बापानं गाऱ्हाणं घातलंन की गिरणीत साच्यावर काम तयार."

नाना एका शाळेत चौतीस वर्षं शिपाई होते. आता निवृत्त आहेत. आमच्या कुंपणाला लागून त्यांच्या दोन खोल्या आहेत. पत्नी सुनंदा चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. अंगाने काटकुळे, आवाज मात्र मांडवीच्या जेटीवरून हाक मारली तर होडीतल्या माणसाने वळून पाहावं असा. रोज सकाळी बाजारात एक चक्कर, आणि चकरेत भेटेल त्याची चौकशी.

माझं तुम्हाला ठाऊक आहेच. बी.ए.ला इंग्रजी, मग कॉलेजच्या कार्यालयात तीस वर्षं अर्ज वाचण्यात गेली. कुठलाही अर्ज हातात आला की आधी मी कागदाचा समास बघते. निवृत्तीनंतर गल्लीतली मुलं रेझ्युमे करून घ्यायला माझ्याकडे येऊ लागली. माझे नियम ठरलेले. एक पान, एकाच टाइपची अक्षरं, खोटं नाही, रडगाणं नाही, आणि जन्मतारखेपासून कुलदैवतापर्यंतचा लग्नाचा बायोडेटा तर मुळीच नाही. कंपनीला तुमची रास नको असते, तुम्हाला काय येतं ते हवं असतं.

माझा प्रिंटर बिघडला तेव्हापासून नाना पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाऊ लागले. "माझी फेरी हायच, वयनी." तिथूनच कागद निघायचा आणि तिथूनच कंपनीला ईमेल व्हायचा. असं जवळजवळ वर्षभर चाललं. मी निर्धास्त होते.

मग मनाली आली. मनाली मांडवीची, वडील ट्रॉलरवर, स्वतः बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झालेली. मी तिचा असा नेटका रेझ्युमे केला होता की मलाच तिला नोकरी द्यावीशी वाटली. पुण्याच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी तरातरा येऊन माझ्या दारात उभी राहिली.

"आजी, हे तुम्ही लिहिलंत?"

तिने कंपनीतून आणलेला कागद पुढे केला. वरचा भाग माझा होता. शिक्षण, संगणक, भाषा, सगळं ओळीत. पण त्याखाली, जिथे मी मोकळी जागा सोडली होती, तिथे मराठीत, ठळक अक्षरांत, मजकूर होता. मी तो उभ्याने वाचायला घेतला आणि बसून संपवला.

"हे कंपनीच्या मालका, आज ही मांडवीची लेक मनाली तुझ्या पायरीशी आली आहे. तिचा बाप दर्यावर असतो, आई सुकी मच्छी विकते. पोर हुशार आहे. सकाळी उठायला तिला उशीर होतो आणि ती रागाला लवकर जाते, ती चूकभूल पदरात घे. तुझ्या कंपनीत कोणी वाकड्या नजरेचा असेल, त्याची नजर बाजूला कर. तिला खिडकीजवळ बसव. तिची चढती कमान ठेव, आणि तुझ्याही धंद्याला बरकत येवो. होय महाराजा."

तीस वर्षांत मी अर्जावर चहाचे डाग पाहिले, कुंकू पाहिलं, एकदा तर मेलेली पाल पाहिली. पण अर्जातून कंपनीलाच आशीर्वाद दिलेला पाहिला नव्हता.

"मुलाखतीत काय झालं?" मी कसंबसं विचारलं.

"त्या बाईंनी बाकी काही विचारलंच नाही! म्हणाल्या, तुम्ही लवकर रागावता का? मी म्हटलं, कोण म्हणालं असं? जरा जोरातच म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं."

ती नोकरी गेली.

मी कुंपणाशी जाऊन नानांना हाक मारली. ते शांतपणे नारळ सोलत होते.

"नाना, हे काय केलंत?"

"का? पसंत नाय पडलं? बरकतीचं आदी वर घेणार हुतो."

"अहो, रेझ्युमेत दोष लिहितात का कुठे?"

"तुमी गुण लिव्हलात. मग दोष कोण लिव्हणार?" त्यांनी कोयती खाली ठेवली. "वयनी, देवाफुडं दोष सांगतो आपण. कंपनी काय देवापेक्षा मोटी लागून गेली? उद्या पोर उशिरा गेली, तर मालक बोलंल, आदी का नाय सांगलंत?"

"त्या मुलीची नोकरी गेली, नाना."

"जात नाय. पोचायला येळ लागतो. मधे घाट हाय."

मी तडक झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने मुकाट्याने संगणक माझ्याकडे वळवला. अकरा रेझ्युमे, अकराच्या अकरा नानांनी सांगून टाइप करवलेल्या गाऱ्हाण्यांसह. आयटीआयच्या एका इलेक्ट्रिशियनसाठी लिहिलं होतं, "शॉक लागला तरी घाबरणार नाही, पण लागू देऊ नकोस." नर्सिंगच्या एका मुलीसाठी, "रक्त बघून तिला चक्कर येत नाही, झुरळ बघून येते." माझ्या नावाची ख्याती ज्या अकरा कार्यालयांत पोचली असं मी समजत होते, तिथे हे पोचलं होतं. मी दुकानातल्या स्टुलावर बसून पाणी मागितलं.

"आजी, त्यातले चार जण लागले कामाला," दुकानदार म्हणाला.

हे कसं झालं ते मला अजून समजलेलं नाही. समजून घेण्याची हिंमतही नाही.

त्या दिवसापासून पेन ड्राइव्ह माझ्या कपाटात, कुलपाखाली. मी नवा प्रिंटर घेतला. मनालीचा रेझ्युमे पुन्हा काढला, चिपळूणच्या एका कंपनीला पाठवला, आणि महिन्याभरात ती तिथे लागली. मी विजयी मुद्रेने नानांना सांगितलं. ते म्हणाले, "बोललो न्हवतो? घाट उतरून आलं."

पण माणूस हटणारा नव्हता. लिहू देत नाही म्हटल्यावर ते सल्ला द्यायला येऊन बसू लागले. ईशान, तू परवा तुझा रेझ्युमे मला तपासायला पाठवलास, त्यात वरच तू म्हटलं आहेस की तुला आव्हानात्मक पद हवं आहे. असंच वाक्य मी इथल्या सगळ्यांना घालत असे. एकदा नानांनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला.

"आव्हान म्हंजे अवघड काम?"

"हो."

"पोरगा सोताहून अवघड काम मागतोय?" ते हादरलेच. "वयनी, चौतीस वर्सं नोकरी केली, अवघड काम मागणारा मानूस नाय बघला. मालकाला वाटंल येडा हाय. नायतर खोटं बोलतोय."

ते वाक्य मी तेव्हापासून काढून टाकलं. तूही काढ.

दुसऱ्या एका तरुणाने छंदांत पोहणं लिहिलं होतं. नाना खुर्चीतून उठले. "पोवनं? ह्याला? भाट्याच्या खाडीत ह्याला मी केसाला धरून भायेर काढलाय!" तो मुलगा लालेलाल झाला. पोहणं गेलं, तिथे क्रिकेट आलं. नानांनी क्रिकेटकडेही संशयाने पाहिलं, पण सोडून दिलं.

हे सगळं मी हसत हसत तुम्हाला फोनवर सांगितलं असतं. पण गेल्या महिन्यात जे घडलं, ते लिहूनच सांगावं असं वाटलं.

एका सकाळी नाना आले ते इस्त्रीच्या शर्टात. एरवी आल्या आल्या खुर्ची ओढणारा माणूस दारातच उभा राहिला.

"वयनी, येक रेझ्युमे करायचा हाय."

"कोणाचा?"

"हाय येक."

मी संगणक लावला. वय बासष्ट, शिक्षण सातवी. मला वाटलं, गावाकडचा कोणी नातेवाईक असेल. "नाव सांगा."

ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "विठ्ठल धोंडू पाष्टे."

माझे हात कीबोर्डवरच राहिले. एकोणीस वर्षं शेजारी राहून त्यांचं नाव विठ्ठल आहे हे मला ठाऊक नव्हतं.

हळूहळू कळलं ते असं. आरे-वारेच्या बाजूला एक छोटं हॉटेल सुरू झालं होतं, पर्यटकांसाठी. मालक पुण्याचे, शिस्तीचे. त्यांना फाटकावर बसायला, झाडांना पाणी घालायला, आलेल्यांना खोली दाखवायला माणूस हवा होता. पण रेझ्युमे हवा, आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं हवीत, नातेवाईक सोडून.

"पेन्शन पुरत नाही का, नाना?"

"पुरतंय की."

"मग?"

"काय नाय. असंच."

मी म्हटलं, ठीक आहे, तुमचे गुण सांगा. डीपीशी बोलणारा, कंपनीला बरकत देणारा हा माणूस, स्वतःबद्दल एक शब्द बोलेना. नुसता शर्टाचं बटण फिरवत राहिला. मग म्हणाले, "आपलं गाऱ्हाणं आपन घालीत नायत, वयनी. जीबच वळत नाय."

"बरं, शाळेत काय काम केलंत?"

"घंटा दिली."

"आणखी?"

"येळेवर दिली."

मी तेवढंच लिहिलं, सभ्य इंग्रजीत. मग ओळखीच्या दोन माणसांचा रकाना आला. ते विचारात पडले. हेडमास्तर वारले होते. बरोबरचा शिपाई आता मुलाकडे असतो आणि कोणाला ओळखत नाही. मग त्यांच्या तोंडून निघालं, "सुनंदा..." आणि ते थांबले. "ती नाय आता."

"पत्नी नातेवाईकांत येते, नाना. तशीही चालली नसती," मी म्हटलं.

तीस वर्षांच्या सवयीने म्हटलं. म्हटल्यावर माझा मलाच असा धक्का बसला, की मी उठून उगाच खिडकी उघडली. ते मात्र रागावले नाहीत. मान हलवून म्हणाले, "बरोबर हाय. नियम तो नियम." आणि मग, "तुमचं घातलं तर चालंल काय? चालत नसंल तर नको."

मी माझं नाव घातलं. दुसरं कोणाचं? मी म्हटलं, अकरा मुलांसाठी तुम्ही एवढं केलंत, त्यातल्या कोणाचंही घालू. ते घाईघाईने म्हणाले, "नको, नको. ती कामाला लागली. त्यांना कशाला तरास?"

ते गेल्यावर मी मनालीला फोन लावला. तिने वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"माझं नाव घाला, आजी. आत्ताच घाला. आजी, एक सांगू? नानांनी सांगू नको म्हटलंय. मी चिपळूणला पहिल्या दिवशी गाडीतून उतरले ना, तर स्टँडवर नाना उभे. माझ्या आधीच्या गाडीने येऊन बसलेले. मला म्हणाले, कंपनी बघून आलो, डाव्या हाताला वळ, कुत्रा हाय पण चावत नाय. आणि आल्या गाडीने परत गेले. चहासुद्धा घेतला नाही."

"फक्त तुझ्यासाठी गेले होते?"

"नाही हो. ती नर्सिंगची मुलगी आहे ना, तिच्यासाठी कोल्हापूरला गेले होते."

मी फोन ठेवला. मी या मुलांना एक पान दिलं, आणि ते पान गेल्यावर माझं काम संपलं असं समजत आले.

संध्याकाळी कागद द्यायला मी स्वतः कुंपणाशी गेले. नाना पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "नाना, मालकांनी मला फोन केला तर मी काय सांगू? तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?"

ते समोरच्या चिऱ्याच्या गडग्याच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "पावसात न्हाणीत पडलो हुतो. सकाळचा. उठताच येईना. बारा वाजल्यावर कसातरी सरकत भायेर आलो." त्यांनी कोपर दाखवलं. जखम भरून आली होती, पण व्रण अजून गुलाबी होता. "शाळेत धा मिन्टं उशीर झाला तर हेडमास्तर मानूस धाडायचे. तिकडं सकाळी आठला नाय पोचलो, तर मालक येक फोन तरी लावील. बाकी काय नाय, वयनी."

त्यांची न्हाणी माझ्या स्वयंपाकाच्या खिडकीपासून वीस पावलांवर आहे. त्या सकाळी मी काय करत होते ते मला आठवत नाही. बहुधा फायलींना लेबलं लावत असेन. घरी येऊन दिवा लावायचंही विसरले.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला. सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, हॉटेलचा अनुभव काहीच नाही, आणि वयही झालंय. तुमचं मत काय?" मी कुठल्याही उमेदवाराबद्दल तीन वाक्यांच्या वर बोलत नाही. त्या दिवशी किती बोलले कोण जाणे. चिपळूणच्या स्टँडचं बोलले, कोल्हापूरचं बोलले, डीपीचंसुद्धा बोलून गेले, आणि मग वाटलं, आता सगळं बिघडवलं आपण. मग ते म्हणाले, "सोमवारपासून पाठवा त्यांना."

आता नाना सकाळी सातच्या गाडीने जातात. ते जाईपर्यंत मी ओट्यापाशी उभी असते, आणि त्यांचं दार उघडलं की मगच चहाचं आधण ठेवते. त्यांना हे माहीत नाही.

परवा सात वाजले तरी दार उघडलं नाही. सव्वासात झाले. गाडी गेली. साडेसातला मी चपला न घालताच निघाले. कोणाच्या घरी फोन केल्याशिवाय जाऊ नये हा माझा नियम तुम्हाला पाठ आहे. त्या दिवशी मी दार दोन्ही हातांनी वाजवलं.

आत काहीतरी सरकलं. दार उघडलं. नाना, अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा.

"काय झालं, वयनी? घरी बरं हाय ना?"

"दार उघडलं नव्हतं," मी म्हटलं. मला धाप लागली होती. "म्हणून आले."

"आज मालकानं सुट्टी दिलीन..." एवढं बोलून ते थांबले. त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. त्यांचा वस्तऱ्याचा हात खाली आला. मग ते एकदम वळले आणि आत जात म्हणाले, "बसा. च्या टाकतो."

मी बसले. एकोणीस वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच बसले. आतून कप विसळल्याचा आवाज येत होता. दोनच कप, पण ते विसळायला त्यांना फार वेळ लागला. बाहेर आले तेव्हा गालावरचा साबण पुसलेला होता आणि डोळे लाल होते. चहात साखर फार झाली होती. मी सगळा प्यायले.